लेकराच्या फाइलीमागं एक माणूस पाहिजे

संपादक साहेब, नमस्कार.

ऊसतोडीचा सीझन आला की तुमच्या पेपरात लेकरांच्या बातम्या येतात, शाळा सुटली, बालविवाह रोखला वगैरे, पण ते लेकरू पुढं बालकल्याण समितीसमोर (निराधार, अडचणीतल्या लेकरांचं काय करायचं ते ठरवणारी जिल्ह्याची समिती) गेल्यावर काय होतं ते कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी झेडपीची रिटायर शिक्षिका, बरीच नोकरी तांड्यावरच्या शाळेत झाली.

माझ्या वर्गातली एक पोरगी अशीच समितीपुढं नेली होती (जिल्हा सांगत नाही, लेकराची ओळख उघड करायची नाही असा कायदाच आहे आणि बरोबर आहे). आईबाप कोयत्यावर, ही आजीजवळ, आजी वारली. मी सोबत गेले. बाहेरच्या बाकड्यावर ती दप्तर मांडीवर घेऊन बसलेली, दप्तराचा बंद बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. पोलीस, मग संरक्षण अधिकारी, मग बालगृहातल्या मॅडम, मग समिती, सगळ्यांनी तेच ते विचारलं आणि ही गप्प. कागदावर काय आलं तर 'बालिका सहकार्य करीत नाही'. अहो ती घाबरली की गोरमाटीशिवाय (तिची घरची बंजारा बोली) तिच्या तोंडून शब्द निघत नाही, हे वर्गातल्या पोरींनाही माहीत होतं! मी सांगायला गेले तर म्हणे तुम्ही नात्यातल्या का? त्यांचंही खरंच, मी कोण?

2015 च्या बाल न्याय कायद्यात 24 तासांत हजर करणं आहे, समितीच्या महिन्याला किमान 20 दिवस बैठका आहेत. पण लेकराला पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत ओळखणारं कोण? साहेबाची बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून.

अमेरिकेत सिएटलला डेव्हिड सूकप नावाच्या न्यायाधीशांना हीच अडचण होती, लेकराबद्दल पुरेशी माहिती नसताना निकाल द्यायचा कसा. तिथं 1977 पासून साध्या नागरिकांना ट्रेनिंग देऊन एकेका मुलामागं एक माणूस द्यायला लागले. हे वकील नसतात. आता तिकडं साधारण 30 तासांचं ट्रेनिंग आणि न्यायाधीशापुढं शपथ, मग मुलाला, शाळेला, घरच्यांना भेटून कोर्टाला लेखी कळवायचं. आपल्याकडं पोक्सोच्या (लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) 2020 च्या नियमांत लेकराला केसमध्ये साथ देणारी सपोर्ट पर्सन आहे, विधी सेवा प्राधिकरणाचे पॅरालीगल व्हॉलंटिअर, म्हणजे कायद्याची माहिती देऊन मदत करणारे स्वयंसेवक, पण आहेत, म्हणजे अगदी शून्यातून सुरुवात नाही. त्यांच्यासोबत रिटायर शिक्षक, अंगणवाडीताई घ्या, पोलीस व्हेरिफिकेशन मात्र कडक करा, ह्यात ढिलाई नको.

आणि ट्रेनिंगमध्ये कलमं एका दिवसात उरका. बाकीचे दिवस लेकराजवळ नुसतं गप्प बसायला शिकवा, तेच ते विचारू नये, 'तुला घरी नेते' असं वचन देऊ नये, फोटो स्टेटसला टाकू नये, रिपोर्टात डोळ्यानं पाहिलेलं वेगळं आणि ऐकलेलं वेगळं लिहावं. गावच्या पत्त्यावर नोटीस जाते आणि घराला कुलूप असतं, आईबाप कोणत्या कारखान्यावर आहेत हे मुकादमाला माहीत, त्याच्याकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांना निघता येत नाही, हे पुण्यामुंबईहून आलेल्या ट्रेनरला कोण सांगणार? त्यासाठी ऊस तोडून आलेली एखादी बाईच शिकवायला बोलवा.

हे सगळं दसऱ्याच्या आत व्हावं, नंतर टोळ्या निघतात. मानधनाचं म्हणाल तर जाण्यायेण्याचा खर्च दिला तरी माझ्यासारख्या पुष्कळजणी येतील, बायांना एसटीत हाफ तिकीट आहेच.

एक रिटायर बाई, मराठवाडा