दिवाळीला येत नाहीये, आधी पूर्ण वाचा

आई, तात्या,

ताईला सांगितलंय, हे मोठ्या अक्षरात प्रिंट काढून वाचून दाखव म्हणून. फोनवरच सांगणार होतो, पण व्हिडिओ कॉलवर आपण तिघंही खोटं बोलतो. मी हेल्मेट बाजूला ठेवून हसत बसतो, तात्या गॉगल लावून बसतात आणि आई म्हणते उन्हाचा त्रास होतोय त्यांना. आई, तिकडं रात्रीचे नऊ वाजलेले असतात गं. ऊन इथं साउथ सुदानात असतं, इथं साडेपाच वाजलेले असतात.

मोतीबिंदूचं कळलंय मला. ताईवर चिडू नका, मीच खोदून विचारलं.

तर माझा दिवाळीचा सुट्टीचा नंबर मी दुसऱ्याला दिलाय. आमच्यातलंच एक पोरगं आहे, त्याच्या बायकोचं पहिलं बाळंतपण त्याच आठवड्यात आहे, आई नाही बिचारीला, आणि मला कुणी जबरदस्ती केली नाही, मीच साहेबांकडं गेलो, आणि डॉक्टरांनी तारीख दिवाळीनंतरची दिलीय म्हणजे मी आलो असतो तरी ऑपरेशनच्या आधीच परत निघावं लागलं असतं. तात्या, तुम्ही काय वेगळं केलं असतं? 87 साली मी झालो तेव्हा तुम्ही श्रीलंकेत जाफन्याला, शांतीसेनेत होता. मुलगा झाल्याचं पत्र तुम्हाला पोचलं तेव्हा मी दीड महिन्याचा होतो. टोमणा नाही मारत हो. आता तसलाच एक बाप समोर दिसतोय, एवढंच.

इथलं, युनोच्या शांतीसेनेतलं म्हणाल तर मजेत आहे. लंगरला चपाती-डाळ मिळते, मलेरियाची गोळी वेळेवर घेतो, मच्छरदाणी लावूनच झोपतो. पावसाळ्यात आमच्या इथली, मलाकालची माती म्हणजे आपली काळी रेगडच, गाडी रुतली की दिवस गेला, रस्तेच बंद होतात, मग सामान नाईल नदीतून बोटीनं नाहीतर विमानानं. तात्या, यूट्यूबवर साउथ सुदान टाकून बातम्या बघत बसू नका, ते सगळं आमच्या इथलं नसतं. (थोडं असतं. पण आम्ही आत असतो.)

आणि इथल्या गाई! शिंगं एवढी मोठी की आपल्या गोठ्याच्या दारातून आत जायच्या नाहीत. लग्नात मुलीच्या बापाला गाई द्याव्या लागतात, मी सांगितलं आमच्यात उलटं असतं तर पोटभर हसले लोक. आपल्या आर्मीचे जनावरांचे डॉक्टर इथं उपचार करतात, गाई घेऊन रांगेत उभे राहिलेले म्हातारे बघितले की तुम्हीच दिसता, दवाखान्यात म्हशीशी बोलत उभे असलेले. भाकरी पण ज्वारीचीच, फक्त आंबवून पातळ करतात, घावनासारखी. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा कांदा-लसूण चटणी बरोबर होती. आई, चुलीपुढं पहिली भाकरी मलाच द्यायचीस ना, ताई रडायची. चटणी संपलीय, पण पाठवायच्या भानगडीत पडू नकोस.

आता ऐका. माजी सैनिकांच्या उपचाराचं ते ईसीएचएसचं कार्ड आईच्या पर्समध्ये राहू दे, तात्यांच्या खिशात नको. सोबत दाजी येतील, एसटीनं जायचं नाही, गाडी सांगितलीय, पैसे दिलेत. शुगर आधी तपासायची. तात्यांनी म्हशीला हात लावायचा नाही, महिनाभर वाकायचं नाही, डोळ्याला धूळ लागू द्यायची नाही. आई, तुझ्या गुडघ्याचं पण त्याच दिवशी दाखव, नंतर बघू म्हणू नकोस. रागवतोय असं वाटलं तर वाटू दे.

आई सांगायची, श्रीलंकेतून प्रत्येक पत्रात 'मी खुशाल आहे' एवढंच असायचं, पण तिला अक्षरावरून कळायचं खरं काय ते. माझं हे टाईप केलेलं आहे, यातून तिला काही कळायचं नाही, बरंच आहे. पण पट्टी निघाली की तात्यांनी स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहायच्या, चष्मा न लावता, आणि ताईनं फोटो पाठवायचा.

तुमचाच,
बाळ्या