एसी सगळ्यात शेवटी

पुणे, फेब्रुवारी २०२६

ती. आई-बाबा यांना,
सा. न. वि. वि.

फोनवर ‘एसी’ हा शब्द निघाला की बाबा “घे, आईशी बोल” म्हणतात, आणि आई “ते बाबांनाच विचार” म्हणते. बेडरूमला एसी घ्या, असं मी दिवाळीत म्हटलं, तेव्हापासून हेच चाललंय. म्हणून म्हटलं, लिहूनच पाठवावं. कागद एकमेकांच्या हातात दिला तरी वाचावा लागतोच.

बाबा, आधीच सांगते. या पत्रात एसी सगळ्यात शेवटी येतो. त्याच्याआधी दोन कामं आहेत, आणि ती झाली नाहीत तर एसी घेऊच नका, असं मीच म्हणेन.

पहिलं काम कूलरचं. आई, मागच्या मे महिन्यात तू हसत हसत सांगितलं होतंस, “टाकीत पाणी भरताना हाताला झिणझिण्या आल्या, बाबांना म्हटलं, तुमचा कूलर मले हात लावू देत नाही.” तू हसलीस, मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र हसू आलं नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पेपरात कोपऱ्यात चार ओळींची बातमी असते आणि मजकूर ठरलेला असतो: लोखंडी कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय, चालू पंप.

दिवाळीत अकोल्याला आले तेव्हा मी गच्चीच्या जिन्याखाली ठेवलेला कूलर बघितला. केबल तीन तारांची आहे, पण टोकाला प्लग दोन पिनांचा. हिरवी तार कुणीतरी कापून केबलवरच गुंडाळली आहे आणि वर काळी टेप. ती हिरवी तार म्हणजेच अर्थिंग. मोटरची वाइंडिंग ओलाव्याने खराब झाली की करंट पत्र्यात उतरतो. त्याला जमिनीत जायला वाट नसली, की पत्र्याला हात लावणाऱ्या माणसातून तो जातो. आपलं घर बांधलं तेव्हाचा अर्थिंगचा खड्डा तुळशीजवळ होता ना, कोळसा आणि मीठ घातलेला? त्यावर आता फरशी आहे. खाली तार शाबूत आहे की गंजून गेली, हे कुणालाच माहीत नाही.

तर वायरमन बोलवा. जठारपेठेतले तुमचे नेहमीचे चालतील, पण “सगळं ठीक आहे काकाजी” एवढ्यावर त्यांना सोडू नका. नवीन अर्थिंग करायचं. मीटरजवळचे ते चिनी मातीचे कटआउट, म्हणजे जुने फ्यूज, काढून एमसीबीचा, म्हणजे आपोआप पडणाऱ्या स्विचचा, बोर्ड बसवायचा. त्यात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घालायचाच, दुकानात काहीजण त्याला अजून ईएलसीबी म्हणतात. कुठून करंट गळायला लागला, मग तो माणसाच्या अंगातून का असेना, की आरसीसीबी क्षणात लाइन तोडतो. नुसता एमसीबी हे काम करत नाही. तो जास्त लोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतो, आणि माणूस मरायला लागणारा करंट त्याच्या हिशोबी काहीच नसतो. कूलरला तीन पिनांचा प्लग लावून घ्या. आणि आई, पाणी भरायचं ते प्लग काढून, चप्पल घालून. नुसतं बटण बंद करून नाही.

या एका कामावर मी अडून बसणार आहे. बाकी सगळ्यावर चर्चा करू.

दुसरं काम स्लॅबचं. बाबा, तुम्ही रोज संध्याकाळी पाइप घेऊन गच्चीवर पाणी मारता. ते उगीच नाही, मला कळतं. अकोल्यात दिवसभर स्लॅब तापतो आणि ती उष्णता सावकाश खाली उतरते, म्हणून बाहेर जरा निवलं तरी रात्री अकरा वाजता आपल्या बेडरूमच्या छताला हात लावला तर ते गरमच असतं. पंखा तीच हवा खाली ढकलतो. पण काटेपूर्णा धरणाचं पाणी नळाला येतं ते काही दिवसांआड, आणि तुम्ही ते स्लॅबला पाजता. शिवाय गुडघे धरून जिना चढता, ते वेगळंच.

जळगावच्या मावशीने गेल्या मार्चमध्ये गच्ची पांढरी करून घेतली. आधी भेगा भरल्या, मग चुना आणि फेविकॉल कालवून ब्रशने दोन हात मारले. खर्च फारसा नाही, मजुरीच जास्त. पांढरा रंग ऊन परत फेकतो, एवढंच त्यातलं गणित. तेलंगणाने तर २०२३ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरणच केलं, कूल रूफ नावाने. मावशी म्हणते, “थंड नाही गं होत, पण रात्री छत अंगावर येत नाही.” हे तिचं वाक्य मला जाहिरातीपेक्षा जास्त पटलं. पावसात चुना धुपतो आणि दरवर्षी हात मारावा लागतो, ही त्यातली खोट. टिकाऊ हवं असेल तर तयार पांढरा कोटिंगचा रंग मिळतो किंवा चायना मोझॅकचे तुकडे बसवता येतात, पण ते महाग. यंदा चुनाच करू.

आई, तू विचारणार, कुरडया कुठे वाळवू? तिथेच. चादर टाकायचीच असते. मावशीने पापड, सांडगे, कुरडया सगळं पांढऱ्या गच्चीवरच केलं. फक्त डोळे दिपतात म्हणाली, टोपी घालून जायचं.

पश्चिमेच्या भिंतीचंही काहीतरी करायला हवं. बेडरूमच्या खिडकीला बाहेरून बांबूची चीक, म्हणजे पट्ट्यांचा पडदा, लावा. आतला पडदा कितीही जाड असला तरी ऊन काचेतून आत येऊन बसलेलं असतं.

आता एसी.

बाबा, तुमचे तीनही आक्षेप मला पाठ आहेत. बिल, सांधे, आणि “आमचं आयुष्य कूलरवर गेलं.” तिसऱ्यापासून सुरू करते, कारण त्यात तुमचं बरोबर आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की कूलरसारखं यंत्र नाही. कमी विजेत थंड हवा आणि वर वाळ्याच्या ताट्यांचा वास. तो काढायचा नाहीच, हॉलमध्ये राहू दे. पण नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक नऊ दिवस, संपतो, जूनचा पहिला शिडकावा होतो, हवेत ओल येते आणि कूलर नुसता दमट वारा मारायला लागतो. गादी चिकट, अंग चिकट. पूर्वी तेव्हा आपण गच्चीवर झोपायचो. आता शेजारी तीन मजली इमारत झाली, वारा अडला, डास वाढले आणि तुमच्याने अंथरुण वर नेववत नाही.

शिवाय तुमची बीपीची गोळी. डॉक्टरांनी त्यात लघवीची गोळीही दिली आहे. उतारवयात तहान कमी लागते, घाम कमी येतो, त्यात ही गोळी शरीरातलं पाणी काढते. उन्हाळ्यापुरता डोस बदलायचा का, हे एकदा त्यांना विचाराच, स्वतःच्या मनाने बंद करू नका. दिवसा तापलेलं अंग रात्री निवलं नाही तर दुसऱ्या दिवशीची उष्णता त्यावर चढते. म्हणून मला फक्त रात्रीची खोली थंड हवी आहे. एक खोली, आठ तास.

सांध्यांचं सोपं आहे. लोक १८ वर लावून गोधडी घेतात, तसं करायचं नाही. २६ वर ठेवायचा, पंखा एकवर, आणि एसीची झडप वर करून घ्यायची म्हणजे झोत अंगावर येत नाही. २०२० पासून स्टार लेबलचे, म्हणजे वीजबचतीचे तारे छापलेले, एसी सुरू केल्यावर आपोआप २४ वर येतात, सरकारी नियमच आहे. त्याच्या वर प्रत्येक डिग्रीला साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो म्हणतो.

बिलाबद्दल गोड बोलणार नाही. बिल वाढणार. पाच तारे असलेल्या दीड टनाच्या (टन म्हणजे गार करायची ताकद) एसीवर वर्षाचे साडेसातशेच्या आसपास युनिट छापलेले असतात. लोक तो आकडा बघून खूश होतात, पण तो १६०० तासांचा असतो. म्हणजे तासाला अर्धा युनिट. आपल्याकडे मे महिन्यात तो त्याहून जास्तच ओढणार. आठ तासांचे सहा-सात युनिट धरले तर महिन्याला २०० वाढतील. तुमचे एरवीचे धरून ३०० च्या वर जाल, आणि तिथून महावितरणचा दर आणखी चढतो. मी अडीच-तीन हजार जादा धरलेत. उन्हाळ्याचे दोन-अडीच महिनेच, पण धरलेत.

दीड टन कशाला, एक टन पुरेल, असं दादा म्हणतो. खोली दहा बाय बाराची, म्हणजे कागदावर त्याचं खरं आहे. पण टनाचा आकडा बाहेर ३५ डिग्री धरून काढलेला असतो. अकोल्यात बाहेर ४५ असताना एक टनाचा एसी एक टनाचं काम करत नाही, आणि आपली खोली थेट स्लॅबखाली. दादा बंगळुरूत राहतो, त्याला ऊन म्हणजे काय ते आता आठवत नाही. इन्व्हर्टर एसी घेतला की खोली गार झाल्यावर तो स्वतःहून हळू चालतो, त्यामुळे दीड टन वाया जात नाही.

लेबलावर वर्षही बघून घ्या. ताऱ्यांचे निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळे गोदामातल्या जुन्या मालाचे पाच तारे आणि नव्याचे पाच तारे सारखे नसतात. दुकानदार “सेम आहे साहेब” म्हणेल. गेल्या सप्टेंबरात जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा शेजाऱ्यांच्या जुन्या बिलाशी किमतीची तुलना करू नका.

बसवताना काय होतं ते आमच्याकडून शिका. पुण्यात आमच्याकडे आलेल्या पोराने तांब्याची नळी जोडली, थोडा गॅस सोडून हवा बाहेर काढली आणि निघाला. पंप लावून नळी पूर्ण रिकामी करायची असते, म्हणजे व्हॅक्यूम, तो केला नाही. नळीतला ओलावा आणि उरलेली हवा तशीच राहिली. दुसऱ्या उन्हाळ्यात गार होईना, मग गॅस भरण्याचे पैसे वेगळे. तुमच्याकडे येईल त्याला आधी विचारा, “व्हॅक्यूम पंप आणलाय का?” नसेल तर चहा पाजून परत पाठवा. पाणी निघायच्या पाइपला उतार दिलाय का तेही बघा, नाहीतर जुलैत भिंतीला पोपडे.

नागपूरच्या ताईकडे एसीचं बाहेरचं यंत्र पश्चिमेच्या भिंतीवर, वर पत्रा, समोर अर्ध्या फुटावर शेजाऱ्यांची भिंत. गरम हवा फिरून त्याच यंत्रात. भर दुपारी ते बंद पडायचं. शेवटी उत्तरेला हलवलं तेव्हा नीट चालायला लागलं. आपल्याकडे मागच्या अंगणाकडची, कडुलिंबाच्या बाजूची भिंत मोकळी आहे, तीच घ्या. ताईच्या शेजारचे काका तर एकाच खोलीत एसी आणि कूलर दोन्ही लावतात. कूलर हवेत पाणी टाकतो, एसी ते काढतो, आणि काका म्हणतात, बिल फार येतं बुवा.

एसीसाठी बोर्डापासून वेगळी लाइन हवी, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची तार आणि २० अँपिअरचा एमसीबी. मिक्सरच्या प्लगवर चालवायचा नाही. संध्याकाळी ट्यूब फडफडते म्हणजे व्होल्टेज पडतं, तेव्हा स्टॅबिलायझरचं वायरमनला विचारा. आणि लाइटबिल काढा. त्यावर ‘मंजूर भार’ असा रकाना आहे, तो कमी असेल तर वाढवायचा अर्ज आत्ताच देऊ. एप्रिलमध्ये सगळं गाव रांगेत असतं.

पैशाचं असं ठरवलंय: वायरिंग आणि चुना तुमचा, कारण घर तुमचं आणि तुम्ही ऐकणार नाही. एसी माझा आणि दादाचा. यावर घासाघीस नको. पुढच्या वर्षी सोलरचं बघू. सरकारच्या सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटला ६० हजार अनुदान आहे, आणि पॅनेलखालच्या स्लॅबला आयती सावली मिळते. पण ते पुढच्या वर्षी. एकदम सगळं काढलं तर आईला घरात धूळ आणि बाबांच्या डोक्याला ताप.

मी होळीच्या आधी चार दिवस सुट्टी टाकते आहे. वायरमन आणि गवंडी तेव्हाच बोलवा, म्हणजे मी समोर असेन. लाइटबिलाचा फोटो मात्र आजच पाठवा, दोन्ही बाजूंचा.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, कपाटावरच्या ट्रंका आधीच उतरवू नकोस. लाइन तिथूनच जाणार आहे हे खरं, पण मी आल्यावर उतरवू. बाबांनाही स्टुलावर चढू देऊ नकोस.