उष्णतेचा हिशेब कोण करणार?

मा. संपादक,
स. न.

हायब्रिड सोलर पॅनेलवरचा कालचा लेख वाचला. एकाच पॅनेलमधून वीजही आणि गरम पाणीही, हा मथळा पाहून उत्सुकतेने वाचायला घेतला आणि चिडूनच संपवला. पाणी नेमके किती गरम होते, याचा एकही आकडा त्यात नाही!

पॅनेलवर पडणाऱ्या उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत उतरतो, बाकीच्याची बहुतांश उष्णताच होते. एप्रिलच्या दुपारी पॅनेलमधले वीज बनवणारे सेल ६०-६५ अंशांपर्यंत तापतात आणि २५ अंशांच्या वर दर अंशाला वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. पाठीमागे नळ्या बसवून ती उष्णता पाण्यात ओढून घ्यायची, ही कल्पना चांगलीच आहे. पण सेल थंड राहतात ते पाणी कोमट ठेवले तरच. टाकीत ५५-६० अंशांचे पाणी हवे, तर सेलही तितकेच तापलेले राहणार. मग वीज वाढणार कुठून? ‘दुहेरी फायदा’ लिहिताना हे वाचकांना सांगायला हवे होते.

हे मनाला लागायचे कारण म्हणजे आमच्या सोसायटीने गच्चीवरचे सोलर वॉटर हीटर, तेही चालू स्थितीतले, भंगारात काढले. विजेच्या पॅनेलांना जागा हवी होती. मी मीटिंगमध्ये हिशेब मांडला होता. १०० लिटर पाणी २० वरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे ४ युनिट लागतात. १ किलोवॉटचे पॅनेल दिवसभरात साधारण तेवढीच वीज देते आणि किमान ५० चौरस फूट जागा खाते. हीटरचा कलेक्टर, म्हणजे ऊन शोषून पाणी तापवणारा भाग, तेच काम २० चौरस फुटांत करत होता. सेक्रेटरी म्हणाले, “काका, सबसिडी विजेवर आहे,” आणि विषय संपला. आता घरोघरी गिझर लागलेत. उन्हाची वीज करायची आणि त्या विजेने पुन्हा पाणीच तापवायचे!

सेक्रेटरींचे म्हणणे खरे होते, याचे जास्त वाईट वाटते. गच्चीवरच्या सोलर विजेसाठीच्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत घरमालकाला ३ किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान, सोसायटीला किलोवॉटमागे १८ हजार. सोलर वॉटर हीटरचे केंद्राचे अनुदान मात्र २०१४ मध्येच थांबले. अनुदानात उष्णता मोजलीच जात नसेल, तर हायब्रिड पॅनेलच्या नळ्यांवर जादा पैसे कोण घालणार? लेखात यावर एक ओळही नसावी?

आणखी एक. बिल्डर गच्चीवरून खाली येणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपला इन्सुलेशन करत नाहीत. नळ सोडला की पहिली बादली गारच, ती मोरीत जाते आणि लोक सोलरला नावे ठेवतात. त्यात बोअरच्या पाण्याचा क्षार नळ्यांत बसतो. हायब्रिड पॅनेलही यातून सुटणार नाही.

वसतिगृहे, रुग्णालये, दूध डेअऱ्या इथे बाराही महिने गरम पाणी लागते. आपल्या प्रतिनिधीने अशा एखाद्या ठिकाणी जाऊन डिसेंबरात किती लिटर, किती अंशांचे पाणी मिळते आणि वीज किती येते, एवढे मोजून छापावे, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक