रामेश्वर म्हणजे चहाचा स्टॉप आहे का?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

सोयाबीनचा पैसा हातात आला की आमच्या परभणी-हिंगोलीकडं गावोगाव 'दक्षिण भारत दर्शन'चे बोर्ड लागतात आणि म्हातारी मंडळी नावं नोंदवायला लागतात. आम्हीबी असंच एका टूरवाल्यासोबत रामेश्वरला जाऊन आलो, नाव घेत नाही कारण सगळ्यांचा हिशोब सारखाच आहे, पहाटे उतरायचं, बावीस कुंडं उरकायची, दुपारच्या आत बस हलली पाहिजे.

आता ही कुंडं काय प्रकार आहे ते न गेलेल्यांसाठी सांगतो. आधी अग्नितीर्थावर म्हणजे समुद्रात बुडी मारायची, मग तसंच ओल्या अंगानं मंदिरात एकेका विहिरीपाशी जायचं, तिथं कठड्यावर माणूस उभा असतो, तो दोरीनं बादली ओढतो आणि डोक्यावर ओततो. समुद्र एवढा जवळ असून विहिरीचं पाणी गोडं लागतं, हे खरंच नवल आहे. पण सगळी फरशी ओली, गर्दीचा रेटा, बायांच्या नऊवारी भिजून जड झालेल्या. शेवटच्या कोटीतीर्थापर्यंत गुडघे बोलायला लागतात. त्यात ओल्या कपड्यानं गाभाऱ्याकडं सोडत नाहीत, कपडे बदलूनच दर्शनाच्या लाईनीत लागायचं. बदलायला जागा शोधा, पिशव्या सांभाळा, आणि बाहेर मॅनेजर शिट्टी वाजवतोय. आमच्यातल्या एका मावशीनं दर्शनच सोडलं आणि ओल्या लुगड्यावर बसमधी येऊन बसली. घरून गंगाजल घेऊन आली होती बिचारी, ते बाटलीतच राहिलं. आपल्या पैठणच्या नाथांनी रामेश्वरला न्यायची कावड तहानलेल्या गाढवाला पाजली म्हणतात, पण त्यांच्यामागं शिट्टीवाला नव्हता!

एवढ्या लांब जाऊन रामेश्वर बेटाच्या टोकावरचं धनुष्कोडी तर आमच्या यादीतच नव्हतं. 1964 च्या डिसेंबरात चक्रीवादळानं ते अख्खं गाव गेलं, प्रवाशांसकट रेल्वे वाहून गेली, चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत. रामेश्वर बेटाला जोडणारा पांबनचा नवा रेल्वे पूल, 2025 साली सुरू झालेला, मधला भाग लिफ्टसारखा सरळ वर जातो, तोसुद्धा आम्ही बसच्या खिडकीतून पळता पळता बघितला. शॉपिंगला मात्र मदुराईत भरपूर टाईम होता बरं का.

अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही, तिकडं खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. नेमकं तेव्हाच आपल्याकडच्या टूर निघतात कारण खरीप उरकलेला असतो. जानेवारी-फेब्रुवारीत न्या की, तूर निघाल्यावर.

टूरवाल्यांना माझं एवढंच म्हणणं, रामेश्वरला दोन मुक्काम ठेवा, एक दिवस कुंडं आणि दर्शन, दुसऱ्या दिवशी पहाटे स्फटिकलिंगाचं दर्शन आणि मग धनुष्कोडी. हजार-पाचशे जास्त घ्या, लोक देतील. आणि ज्यांच्या घरात सोबतीला धडधाकट पोरगं आहे त्यांनी टूरच्या भानगडीत न पडता ओखा-रामेश्वरम एक्सप्रेस बघावी, आठवड्यातून एकदाच असते पण आपल्या नांदेडवरूनच जाते, रिझर्वेशन मात्र लवकर करा.

– एक वाचक, जि. परभणी