नळी उघडली, तरी पंपिंग कमी का?

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

दादांच्या हार्ट ॲटॅकनंतर केलेल्या अँजिओप्लास्टीची सीडी पाहिली. हृदयाची बंद पडलेली नळी स्टेंटने छान उघडली आहे. तरी पंपिंग, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, ३५ टक्केच का, रक्त पातळ करायचं इंजेक्शन चुकीचं दिलं का, हे तुझे प्रश्न फोनवर घाईत उरकावेसे वाटले नाहीत.

सीडीत दिसतात त्या मोठ्या धमन्या. त्यांच्यापुढे अर्ध्या मिलिमीटरहून बारीक नळ्यांचं जाळं असतं आणि हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं ते त्यातूनच. ॲटॅकमध्ये गुठळीचे कण तिथे जाऊन अडकतात, पेशी सुजतात, बारीक नळ्या आवळतात. वरची वाट मोकळी झाली तरी स्नायू उपाशीच. याला आम्ही 'नो-रिफ्लो' म्हणतो.

आता इंजेक्शन. दादांना दिलं ते हेपारिन, १९१६ पासून माहीत असलेलं, स्वस्त, आणि रक्तस्राव झालाच तर प्रोटामिनने उतरवता येणारं. दुसरं बायव्हॅलिरुडिन, जळवेच्या लाळेतल्या द्रव्यावरून बनवलेलं. गुठळीत आधीच चिकटून बसलेल्या थ्रॉम्बिनवर (रक्त गोठवणाऱ्या द्रव्यावर) हेपारिनची मात्रा नीट चालत नाही, याची चालते. पण साधारण २५ मिनिटांत ते निम्मं उतरतं. लिव्हरपूलच्या २०१४च्या अभ्यासात बायव्हॅलिरुडिन दिलेल्या रुग्णांमध्ये स्टेंटमध्ये गुठळ्या जास्त झाल्या, हेपारिन सरस ठरलं. मग चीनमध्ये ६०१६ रुग्णांवरच्या ब्राइट-४ या अभ्यासात बायव्हॅलिरुडिनचं ड्रिप अँजिओप्लास्टीनंतरही पूर्ण मात्रेत २ ते ४ तास चालू ठेवलं. २०२२ मध्ये निकाल आला: ३० दिवसांत मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव हेपारिनच्या गटात ४.३९ टक्के, बायव्हॅलिरुडिनच्या गटात ३.०६ टक्के. माझ्या मते कोणतं औषध याइतकंच ते किती वेळ चालू ठेवलं हेही महत्त्वाचं. मात्र हा फायदा बारीक नळ्या वाचल्यामुळेच झाला, असं त्यातून सिद्ध होत नाही.

म्हणून हेपारिन दिलं यात काही चुकलं, असं मनात आणू नकोस. वहिनींनाही सांग. छातीत दुखू लागल्यापासून नळी उघडेपर्यंत जो वेळ जातो, त्यात स्नायूचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. त्यातला काही भाग मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो आणि काही आठवड्यांत पुन्हा हलू लागतो. ३५ हा आकडा कायमचा धरू नका.

ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर, गुठळी होऊ न देणाऱ्या या दोन्ही गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत. दात काढायचा झाला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. सहा आठवड्यांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) करा आणि रिपोर्ट मला लगेच पाठव.

तुझाच,
जुना सोबती