बाबा, गळती थांबली

लान्सिंग, मिशिगन
१० मे

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका. मी मजेत आहे, नोकरी नीट चालू आहे आणि आई, थंडी संपलीय. फोनवर बाबा दोन वाक्यं बोलून फोन तुझ्याकडे देतात आणि मग आपलं जेवणाखाणाचंच होतं. बाबांशी सविस्तर बोलायचं राहूनच जातं, म्हणून लिहायला बसले.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, "पन्नास वर्षांचं भंगार घेतलंस, आणि वर त्याच्याखाली जाऊन झोपतेस." ते मनाला फार लागलं. ती गाडी भंगार नाही. १९७२ ची ओल्ड्समोबाईल कटलास आहे. ओल्ड्समोबाईल ही कंपनी याच गावची; १८९७ साली इथे सुरू झाली आणि २००४ मध्ये बंद पडली. पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोठ्या संख्येने पहिल्यांदा बाजारात आला तो याच कंपनीच्या १९४० च्या मॉडेलमध्ये. तुम्ही पहाटे कोथरूडहून कंपनीच्या बसने पिंपरीला जाऊन आयुष्यभर गिअरबॉक्स जोडलेत. त्या माणसाची मुलगी या गावात येऊन राहिली आणि तिला अशी गाडी परवडण्यासारख्या किमतीत दिसली, तर ती घेणार नाही तर काय करणार? ऑफिसला जायची गाडी वेगळी आहे, हेही आईला पुन्हा सांगा.

आता इथली एक रीत सांगते, कारण ती कळल्याशिवाय गळतीचं कारण कळणार नाही. इथे जुनी गाडी वर्षातले पाच-सहा महिने चालवतच नाहीत. बिघडलेली नसते, चांगली चालती असते, तरी गॅरेजमध्ये बंद करून ठेवतात. बर्फ पडला की रस्ते निसरडे होतात म्हणून सरकार रस्त्यांवर मीठ टाकतं. ते भाजीत चिमूटभर घालतो तसं नाही, ट्रकच्या ट्रक भरून. डेट्रॉईट शहराच्या खाली तर मिठाची मोठी खाणच आहे. मिठाने बर्फ वितळतो, पण ते खारं पाणी गाडीच्या पोटाला लागून पत्रा खाऊन टाकतं. म्हणून दिवाळीच्या सुमारास लोक जुनी गाडी धुऊनपुसून आत घेतात, पेट्रोलमध्ये ते खराब होऊ नये म्हणून औषध घालतात, बॅटरी काढून ठेवतात, चाकांत हवा जास्त भरतात, सायलेन्सरच्या तोंडात उंदीर शिरू नयेत म्हणून चिंध्या कोंबतात आणि वरून सुती खोळ घालतात. विम्याचा हप्ताही तेवढ्या महिन्यांपुरता कमी करून घेतात. मग वसंतात पाऊस येऊन रस्त्यावरचं मीठ धुऊन जाईपर्यंत कुणी हात लावत नाही. नीट चालणारी गाडी असून माणूस तिच्याकडे नुसता बघत बसतो, हे मला पहिल्या वर्षी पटेचना. आपल्याकडे बाबा आठ दिवस गावाला गेले तरी शेजारच्या काकांना स्कूटर सुरू करून ठेवायला सांगून जायचे. ते किती बरोबर होतं, हे मला या एप्रिलमध्ये कळलं.

कारण खोळ काढली तर गाडीखाली लाल तेलाचं थारोळं. बाबा, उन्हाळाभर चालवली तेव्हा एक थेंब नव्हता. तुम्ही म्हणाल, उभ्या गाडीला गळती कशी लागली? तेच तर मजेशीर आहे. हिचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, म्हणून इंजिनाशी जोडायला पायाने दाबायची क्लच प्लेट नसते. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, आणि शक्ती तेलातूनच पुढे जाते. इंजिन चालू असताना पंप तो कन्व्हर्टर भरलेला ठेवतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की त्यातलं तेल हळूहळू ओघळून खालच्या चेंबरमध्ये उतरतं आणि तिथली पातळी नेहमीपेक्षा वर चढते. डाव्या बाजूला गिअरच्या दांड्याचा छोटा शाफ्ट आत जातो, त्याचं सील एरवी तेलाच्या वर कोरडं असतं. आता ते बुडतं. रबर जुनं होऊन दगडासारखं कडक झालेलं, मग काय, थेंब थेंब सुरू.

पण आधी हे सिद्ध करायला हवं होतं, कारण तेल वाऱ्याने मागे पसरतं आणि जिथे ओलं दिसतं तिथे गळती असतेच असं नाही. तुम्हीच सांगायचात, आधी पूस, मग बघ. सगळा गिअरबॉक्स धुऊन कोरडा केला, वर पायाला लावायची पावडर फवारली, खाली कोरा पुठ्ठा ठेवला आणि रात्रभर सोडून दिला. सकाळी पांढऱ्या पावडरीवर शाफ्टपासून निघालेला लाल ओघळ स्पष्ट दिसत होता. मोठी भीती पुढच्या पंपाच्या सीलची होती, कारण ते गेलं तर अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. कन्व्हर्टरपुढचं झाकण काढून बघितलं, आत कोरडं होतं. इंजिनावरच्या भारानुसार गिअर कधी बदलायचा हे गिअरबॉक्सला कळवणारा मॉड्युलेटर असतो, त्याची व्हॅक्यूमची नळीही काढून पाहिली. त्यातला पडदा फाटला तर तेल नळीतून इंजिनात जाऊन जळतं, आणि लोक सायलेन्सरचा पांढरा धूर बघून इंजिनच खोलून बसतात. नळी कोरडी निघाली.

चेंबरला तेल सोडायचा बोल्टच नाही. एका कोपऱ्याचे बोल्ट आधी सैल करून तो कलता करावा लागतो. असं अर्धंमुर्धंच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. तेल लाल होतं, जळका वास नव्हता, तळाला राखाडी बारीक गाळ होता पण लोखंडाचे कण नव्हते. म्हणजे आतलं सगळं शाबूत आहे. आधी कुणीतरी गळती थांबवायला चेंबरचे तेराही बोल्ट जीव खाऊन आवळलेले होते, त्यामुळे प्रत्येक भोकाजवळ पत्रा वर आला होता. तशा पत्र्यावर नवं गॅस्केट बसतच नाही. कडा लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हातोडीने सपाट केली. आतून नट काढून शाफ्ट ओढला, जुनं सील आकड्याने उपसलं, नव्याच्या ओठाला तेल लावून बॉक्स पान्याने अलगद ठोकून बसवलं. नवा फिल्टर, नवं गॅस्केट, आणि बोल्ट टॉर्क रेंचने, १६ न्यूटन-मीटरला, कोपऱ्यापासून कोपऱ्याला. हे सामान घरपोच आलं, पण मला मात्र तुमच्याबरोबर नाना पेठेत एकेका दुकानात सील हातात घेऊन माप जुळवत फिरायचो त्याची फार आठवण झाली. नव्या तेलाने भरताना इंजिन चालू ठेवून दांडा सगळ्या गिअरमधून फिरवला, आणि गाडी चांगली तापल्यावर पार्कमध्येच तेलाची पट्टी तपासली. जास्त भरलं तर आतले भाग तेल घुसळून फेस करतात आणि ते पुन्हा बाहेर येतं. आता पुठ्ठा कोरडा आहे. पुढच्या हिवाळ्यात गाडी आत ठेवली तरी मीठ नसलेल्या कोरड्या दिवशी बाहेर काढून फिरवून आणणार आहे, शेजारी काहीही म्हणोत.

आई, तू म्हणशील एकटी मुलगी गाडीखाली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मी कधीच जात नाही. चार लोखंडी स्टँड लावते, आधी गाडी जोराने हलवून बघते, मग जाते. आणि मी एकटी नव्हते. टॉर्च धरायला एक मित्र होता.

पैशांचंही लिहिते. सोसायटीच्या पुनर्विकासात जास्तीच्या जागेचे पैसे भरायचे आहेत, त्यातला माझा वाटा या महिन्याअखेर बाबांच्या खात्यात येईल. गाडीसाठी त्यातला एक रुपया घेतलेला नाही. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी मी यायला हवं होतं. तुम्ही दोघंही "काही अडलं नाही" म्हणता, आणि आत्या रात्री थांबायला आली होती हे मला दादाकडून कळतं. गणपतीला यायचं ठरवलंय. व्हिसाच्या शिक्क्याची तारीख वेळेत मिळाली तर आधी, नाहीतर निदान गौरी जेवतील त्या दिवशी तरी घरी असेन. दादाला गच्चीवरची खोली आवरायला सांगू नका, मी हॉलमध्ये झोपेन.

आता औंधच्या स्थळाचं. आई, त्यांना नाही म्हणून कळव. मुलगा चांगलाच असेल, त्याच्यात काही कमी आहे म्हणून नव्हे. टॉर्च धरणाऱ्या मित्राबद्दल तुम्हाला सांगायचं आहे, आणि फोनवर ते तोंडातून निघेना. तो नागपूरचा आहे, माझ्याच ऑफिसात आहे, त्याच्या आईला माझ्याबद्दल माहीत आहे. तुम्हाला तिच्यानंतर कळतंय, याचं मला वाईट वाटतं. जातीचं आत्या विचारेल; आपल्यातला नाही. गणपतीत तोही भारतात असेल, तुम्ही या म्हणालात तर पुण्याला येईल. बाबा, तुम्ही त्याच्याशी आधी गिअरबॉक्सबद्दल बोला, बाकीचं नंतर विचारा. आणि तुमचं काय म्हणणं आहे ते मला तुम्हीच सांगा, फोन आईकडे देऊ नका.

आजीला नमस्कार. तिच्या गुडघ्याचं तेल कुठलं लागतं ते कळवा, येताना आणते.

तुमची,
सोनू