आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: केसपेपरवर एक प्रश्न वाढवा

मा. आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी फार्मासिस्ट आहे. एक गिऱ्हाईक मला वारंवार भेटतं, चेहरा तेवढा दर वेळी वेगळा. इतरांची औषधं देऊन होईपर्यंत ते बाजूला थांबतं आणि काउंटर रिकामा झाला की हळू आवाजात 'ती' गोळी, म्हणजे लिंगाच्या ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल, मागतं. चिठ्ठी नसते. मी विचारतो, "छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी घेता का?" कधीकधी उत्तर येतं, "हो, खिशातच असते." नायट्रेटची ती गोळी आणि सिल्डेनाफिल एकत्र पोटात गेल्या, तर रक्तदाब इतका कोसळतो की माणूस दगावू शकतो. हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. त्याने ही तक्रार डॉक्टरपुढे काढलेली नसते आणि डॉक्टरनेही विचारलेलं नसतं.

म्हणून माझं मागणं एकच आहे. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराच्या प्रत्येक सरकारी ओपीडीत, केसपेपरवर लैंगिक आरोग्याचा एक प्रश्न छापून घ्या. पुरुषांसाठीही आणि स्त्रियांसाठीही.

हा प्रश्न चैनीचा नाही. लिंगाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या जेमतेम १ ते २ मिलिमीटर रुंद असतात, हृदयाच्या ३ ते ४. त्यामुळे धमन्यांचा आजार सुरू झाला की बारीक धमनी आधी कुरकुरते. ताठरता कमी होणं आणि हृदयाचं दुखणं उघड होणं, यांत अनेकदा दोन ते पाच वर्षांचा अवधी मिळतो. लाजेपायी आपण तो वाया घालवतो.

कारणं अनेक असतात: मधुमेहाने दुखावलेल्या नसा, टेस्टोस्टेरॉनची कमतरता, प्रोस्टेटची शस्त्रक्रिया, तंबाखू, दारू, धास्ती. पहाटे ताठरता येते पण जोडीदारासोबत येत नाही, असं असेल तर कारण बहुधा ताणात सापडतं आणि समुपदेशनाने फरक पडतो. नैराश्यावरच्या आणि रक्तदाबावरच्या काही औषधांनीही अडचण येते. मग माणूस कुणाला न विचारता बीपीची गोळी बंद करतो. आम्हाला एवढंच दिसतं, की तो दर महिन्याला यायचा थांबला. डॉक्टरला वेळेवर कळलं असतं, तर बहुतेक वेळा औषध बदलून भागलं असतं.

स्त्रियांच्या वाट्याला तर हळू आवाजात मागायची गोळीही येत नाही. संबंधाच्या वेळी वेदना, योनीचे स्नायू आपोआप आवळले जाणं, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा, या सगळ्यावर "सहन कर" हाच सल्ला. कोरडेपणावर इस्ट्रोजेनचं क्रीम आहे, आवळणाऱ्या स्नायूंसाठी फिजिओथेरपी आहे आणि दोन्हींचा चांगला गुण येतो. हे ऐकूनही न घेता बाईला परत पाठवणं मला अन्याय वाटतो.

सिल्डेनाफिल १९९८ साली बाजारात आलं. त्याने भागलं नाही तर व्हॅक्यूम पंप, इंजेक्शन, इम्प्लांट आहेत. शीघ्रपतनावरची थांबून पुन्हा सुरू करण्याची पद्धत १९५६ पासून माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, या तक्रारी मानसिक विकारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेल्या आहेत. तरीही लोक जाहिरातीतल्या 'ताकदीच्या' पुड्या घेतात. अशा मालात लेबलवर न लिहिलेलं सिल्डेनाफिल वेगवेगळ्या देशांत सापडलेलं आहे.

प्रश्न छापाल तेव्हा तो विचारायला पडद्याआडची जागा द्या आणि नर्स व डॉक्टरांना तो न अडखळता विचारायला शिकवा. केसपेपरची पुढची छपाई होण्याआधी हा निर्णय घ्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक फार्मासिस्ट